लाइन एंगेज

उपासना खोब्रागडेने बेल दाबली आणि कोणी येतंय का हे न बघता लगेच पुन्हा दाबली. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर तिने आतलाच नंबर लावला. एंगेज. गेला दीड तास एंगेज. संध्याकाळचे आठ वाजत आले होते, तरी वाळवंटातल्या चँडलरमधला जूनचा उकाडा कमी व्हायला तयार नव्हता आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

आत राहणारा गुरुनाथ वाकचौरे तिच्या देखरेखीखालचा आरोपी होता. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, डिझाइनच्या फायली चोरून घरी नेल्याचा आरोप. खटला उभा राहीपर्यंत कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी घरात ठेवलं होतं, पासपोर्ट काढून घेतला होता, आणि तो खरोखर घरात आहे ना, हे बघायचं काम उपासनाचं. त्याच्या घोट्याला पट्टा होता. हॉलमध्ये फोनच्या तारेला जोडलेला बॉक्स होता. माणूस घरात आहे की नाही हे पट्ट्यावरून बॉक्सला कळायचं आणि बॉक्स ते फोनवरून पुढे कळवायचा. फोन एंगेज असला की बॉक्स मुका. म्हणून एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, असा नियम होता. मागच्या महिन्यात याने चाळीस मिनिटं बोलून लेखी ताकीद घेतली होती. आजची दुसरी वेळ. दुसऱ्या वेळेचा रिपोर्ट थेट जजकडे जातो, आणि हा जज कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. सरळ आत टाकायचा.

"पळाला असशील तर बघ बाबा," ती दाराला म्हणाली.

दार उघडलं. समोर भलताच माणूस उभा होता. मंगळवारच्या भेटीत होते ते केस डोक्यावर नाहीत, मिशी गायब. फायलीतल्या फोटोशी काडीचा मेळ नाही. चेहरा बदलणं ही पळायची पहिली तयारी, असं ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं तिच्याकडून. मग तिला त्याच्या कानामागे कापल्याची वाळलेली खूण दिसली. साध्या रेझरने, आरशात बघत, एकट्याने केलेलं मुंडण होतं ते. हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

"वडील?" तिने विचारलं.

आजवर ती त्याच्याशी मराठीत एक अक्षर बोलली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून "नागपूर का, मॅडम?" म्हटलं होतं, तर तिने इंग्रजीत सांगितलं होतं की इथे फक्त इंग्रजी.

"आज दहावा," तो म्हणाला. "मॅडम, प्लीज, थोडा वेळ. कावळा शिवत नाहीये."

हॉलमधल्या टेबलावर फोनचा स्पीकर चालू होता. शेजारी परदेशी फोन करायची, नंबर खरवडलेली तीन प्रीपेड कॉलिंग कार्डं पडली होती. स्पीकरमधून वारा येत होता, भांड्यांचा आवाज, नदीकाठची माणसं, आणि मधूनच कोणीतरी "काव, काव" करत होतं. कोपरगावात सकाळचे साडेआठ वाजले होते. बॉक्सचा लाल दिवा आपला लुकलुकत होता.

उपासनाने त्याला फोन ठेवायला सांगायला हवं होतं. तिने आत येऊन मागे दार लोटून घेतलं.

याच वडिलांसाठी त्याने तीन आठवड्यांपूर्वी अर्ज केला होता. दहा दिवस गावी जाऊ द्या, आप्पा सीरियस आहेत. सोबत फॅक्सने आलेली डॉक्टरची चिठ्ठी, तिच्यावर धड फोन नंबरही नाही. तिची सुपरवायझर डॉरिस मवाळ बाई. "जामिनाची रक्कम वाढवून जाऊ देऊ या का?" म्हणाली. उपासना हसली होती. "डॉरिस, आमच्याकडे रजा हवी असली की आजी मरते. माझ्या बाबांच्या पोस्टात एका क्लार्कच्या पाच आज्या वारल्या होत्या. मी आपली माणसं ओळखते." डॉरिसही पोट धरून हसली. उपासनाने शिफारस लिहिली: विरोध. पाच दिवसांनी दुसरा अर्ज आला. पुन्हा विरोध. जजने दोन्ही वेळा दोन मिनिटांत निकाल लावला. ते हसणं मात्र तेव्हापासून तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गाडी चालवताना, भात लावताना, कुठेही टोचायचं. आज त्याचं डोकं बघितल्यावर ते पार आत रुतलं.

"आप्पा, वैनीला काही कमी पडू देणार नाही," स्पीकरमधून एक जाडाभरडा आवाज म्हणाला. "विहिरीचं भांडण मिटवतो. शब्द देतो. या आता."

"माझे काका, भानुदासकाका," गुरुनाथ हळूच म्हणाला. "कावळे बाभळीवर बसलेत सगळे. एक पण खाली उतरत नाही."

"गुरू, तू बोल रे," काका म्हणाले. "तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा."

गुरुनाथ फोनवर वाकला. "आप्पा, मी येतो. लवकरच येतो."

वारा. नदी. काव, काव. मग मागून एक तरुण आवाज आला, हळू बोललेला, पण स्पीकरने चोख पोहोचवला. "येतोय कसला. बाप मेला तरी डॉलर सुटले नाहीत."

"एकनाथ. चुलतभाऊ," गुरुनाथ म्हणाला. "त्यानेच अग्नी दिला." तो खुर्चीत बसला आणि पँट वर सरकवून घोट्यावरचा पट्टा चोळायला लागला. "घरी सांगितलंय, ऑफिसने रजा दिली नाही. हे कसं सांगणार?"

"कोण आहे रे तिथे?" काकांनी विचारलं. "मघाशी बेल वाजली."

"ऑफिसच्या मॅडम आल्यात, काका."

"कोण? रजा न देणाऱ्या?"

गुरुनाथने उपासनाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, एवढं खोटं चालवून घ्या अशी. "हो," तो म्हणाला.

"मग दे त्यांना फोन. वैनी बोलते म्हणतेय. इंग्रजी येत नाही तिला, पण बोलते म्हणतेय."

"काका, त्या... त्या मराठीच आहेत."

काव, काव करणारा थांबला.

"मराठी?" गुरुनाथच्या आईचा आवाज जवळ आला. "आपली असून रजा नाही दिली?"

उपासनाने गाडीची किल्ली मुठीत धरली. तिच्या बौद्ध घरात पिंडदान नव्हतं, श्राद्ध नव्हतं. बावीस प्रतिज्ञा तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या होत्या. बाबा म्हणायचे, कावळ्याला भूक कळते, इच्छा नाही. कावळ्यावर तिचा मुळीच विश्वास नव्हता. पण काठावर ताटकळलेल्या त्या बाईवर कसा ठेवायचा नाही?

"बोला, आई," ती म्हणाली.

"बाई, तुम्हालाही आईबाप असतील. एकच विचारते. रजा त्याने मागितली तरी होती का? इथे सगळे म्हणतात, त्यानेच मागितली नसेल. खरं सांगा. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

गुरुनाथ मान खाली घालून बसला होता. त्या बोडक्या डोक्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता, आणि ते लहान मुलाच्या डोक्याएवढंच वाटत होतं.

"मागितली होती," उपासना म्हणाली. "दोनदा मागितली. डॉक्टरची चिठ्ठीही आणून दिली. मीच नाही म्हटलं, आई. मला वाटलं, खोटं बोलतोय."

"खोटं?"

"हो. चूक माझी होती. त्याची नाही."

ती शिव्याशाप ऐकायच्या तयारीने उभी होती. आले असते तर बरंच वाटलं असतं तिला. पण आई तिच्याशी बोललीच नाही. आवाज दूर गेला, दुसरीकडेच वळला. "ऐकलंत ना? यायचा होता हो तो. त्याला सोडलं नाही. मनात काही ठेवू नका आता."

तेवढ्यात कॉलिंग कार्डातली बाई इंग्रजीत बोलली, गोड आवाजात, की एक मिनिट उरलंय. काकांचं काहीतरी अर्धवट ऐकू आलं आणि लाइन कटली.

"हे शेवटचं कार्ड होतं," गुरुनाथ म्हणाला.

त्याच क्षणी बॉक्स खडबडून जागा झाला. टक टक करत त्याने नंबर फिरवला, कोणाशी तरी कुरकुरला, आणि लाल दिवा हिरवा झाला. आरोपी घरात आहे. एवढंच सांगायचं होतं त्याला, दीड तास.

उपासनाने पर्स उघडली. दर रविवारी नागपूरला फोन करायचं तिचं स्वतःचं कार्ड होतं त्यात. आरोपीकडून काही घ्यायचं नाही, आरोपीला काही द्यायचं नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. तिने कार्डावरचे आकडे स्वतःच दाबले आणि त्याला म्हणाली, "नंबर सांग. पटकन."

पहिल्याच रिंगला काकांनी उचलला. "शिवला रे!" ते ओरडलेच. "वैनीचं बोलणं संपलं न संपलं तोच शिवला. एक नाही, दोन-दोन उतरले. हा एकनाथ बघ, रडतोय इथे." मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आता जेव बाबा पोटभर."

गुरुनाथने कपाळ टेबलाला टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. उपासना खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिने भेटीचा कागद काढून भिंतीवर धरला आणि उभ्यानेच लिहायला लागली. आरोपी घरी हजर. फोन एंगेज असण्याचं कारण: वडिलांचा मृत्यू. 'पुरावा काय पाहिला' या रकान्याशी ती अडखळली. मग तिने लिहिलं: अधिकाऱ्याने स्वतः खात्री केली आहे, कारवाईची शिफारस नाही.

"तुला आत जावं लागणार नाही," ती म्हणाली.

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसला. "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? कोण कशाला असा आळ अंगावर घेतं? आईला आता निदान झोप लागेल. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

नुसती मान हलवून निघता आलं असतं. नकार जजचाच, असंच वकिलाने त्याला सांगितलं असणार. दार चार पावलांवर होतं आणि किल्ली हातातच होती.

"खोटं नाही बोलले मी," ती म्हणाली.

त्याला लगेच कळलं नाही. चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं.

"दोन्ही अर्जांवर विरोध मीच लिहिला. डॉरिस जाऊ देत होती."

त्याचा हात डोक्याकडे गेला, केस मागे सारायला, आणि तिथे काही नाही हे लक्षात आल्यावर खाली आला. तो उठला. तीन कार्डं गोळा करून त्याने कचऱ्यात टाकली. दार उघडून तो बाजूला उभा राहिला.

सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तिच्या घरातही एवढं पाळायचे. उपासना गप्पच उंबऱ्यापाशी आली. पण येणं काही टळणार नव्हतं. दर मंगळवारची भेट ठरलेली होती.

"ऑफिसर," तो मागून म्हणाला.

ती वळली.

मंगळवारी दुसरं कोणी येऊ शकेल का, असं त्याने विचारलं. इंग्रजीत.

"विचारून बघते," ती म्हणाली, मराठीतच, आणि जिना उतरायला लागली. कठडा अजून तापलेलाच होता. तिने तो धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.