बेबीनंदाच्या हाताचं माप

संक्रांत जवळ आली की साळूबाई कासारणीला निरोप धाडावा लागत नाही. ब्याण्णव सालीही ती जालन्यातल्या धर्मराज कारखानदारांच्या घरी आपणहून आली, ओट्यावर टोपली ठेवून पाणी प्याली आणि नऊ वर्षांच्या बेबीनंदाचा हात दाबून पाहू लागली.

"खात-पीत न्हाईस का गं? मागल्या सालचंच माप लागून राह्यलं."

"खाते की. शाळेत सगळ्यांत जोरात पळते मी."

आई उषाबाई हसल्या. त्यांच्या हातात जुन्या हिरव्या बांगड्या होत्या. सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही, म्हणून साळूबाई एक काढून एक भरणार होती.

तेवढ्यात धर्मराज आले. पूर्वी त्यांच्या कारखान्यात बैलांच्या साखळ्या व्हायच्या. वर्षभरापासून हातकड्या होत होत्या. एक मोठा देश एका छोट्या देशाच्या लष्कराला मदत देत होता, आणि त्या मदतीतला हा माल मुंबईचा दलाल इथून करून घेत होता. घरात त्याला 'मदतीचं काम' म्हणत. मदत! किती गोड शब्द, नाही? त्याच मदतीतून घरात रंगीत टीव्ही आला होता. बातम्यांत त्या छोट्या देशाचं नाव निघालं की धर्मराज उठून आवाज बारीक करत.

"बेबे, हात आण इकडं," त्यांनी खिशातून नवी हातकडी काढली. खट्. "बराबर बसली. हेच माप साच्याला घेतो. मोठ्या मापातून हात निसटून राह्यलेत म्हणे."

बेबीनंदानं हात झटकला. "निघत न्हाई, पप्पा."

"निघायला थोडीच केली?" ते हसून किल्ली शोधू लागले.

"कोणाचे हात निसटतेत?" उषाबाईंनी विचारलं.

"अतिरेक्यांचे. तुला काय करायचं?"

"अतिरेकी बेबीएवढे असतेत का?"

साळूबाईच्या हातातली बांगडी तशीच राहिली.

धर्मराज वाईट माणूस नव्हते. लेकीला ताप आला की कारखाना बंद ठेवणारा बाप तो. "हे बघ," ते समजुतीनं म्हणाले, "मी फक्त करतो. पाठवतो दलाल, देतं ते सरकार, घालतो तिथला शिपाई. मंग माझ्या एकट्याच्या माथी कशाला?" दलालाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. आणि ते सरकारही.

उषाबाईंनी दोन्ही हात पुढं केले. "साळूबाई, सगळ्या उतरवा."

"एक तरी ऱ्हाऊ द्या, वैनी. मालक समोर उभे हायेत."

"म्हणूनच. साचा मोडतील त्या दिवशी भरीन."

साळूबाईनं कानाला हात लावून टोपली उचलली. मग उषाबाईंनी मोरीत बसून, साबण लावून स्वतःच बांगड्या काढल्या. शेवटची फुटली आणि मनगटाला लागली.

"येडी झालीस का? लोक काय म्हणतील?"

"कशासाठी काढल्या ते लोकांना मी सांगीन. कशासाठी करता ते तुम्ही सांगू शकता का?"

धर्मराजांनी दुसरा खिसा चाचपला. किल्ली सापडली, लेकीचा हात सुटला, आणि हातकडी खिशात घालून ते कारखान्यात गेले.

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका उषाबाईंचे मोकळे हात पाहून मागं सरल्या. नवरा जिता असताना हा अपशकुन! उषाबाई सांगायला लागल्या, तर ऐकायला कोणी थांबलं नाही. गल्लीतून त्याच दिवशी हातकड्यांच्या पेट्या भरलेला ट्रक गेला. त्याला मात्र सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. त्या बायकांत वाण घेऊन आपणही उभ्या होतो असं ज्यांना आता आठवेल, त्यांनी ते विसरू नये.

पुढच्या संक्रांतीला साळूबाई पुन्हा आली. उषाबाईंच्या हातांकडं न बघता तिनं बेबीनंदाचा हात घेतला, जुनी बांगडी लावून पाहिली. ती बसेना.

"वाढली गं पोरगी," ती म्हणाली आणि मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या.

कारखान्यात त्या वेळी साचा चालू होता. त्यातला हात मात्र नऊ वर्षांचाच होता.