बारा इंच पाणी

तांती इडाच्या बारमध्ये त्या रविवारी सकाळी अकरा वाजता सहा टेबलं होती आणि एकवीस खुर्च्या. त्यांतल्या दोन लंगड्या. फळ्यांच्या भिंतीला तीन खिडक्या, एकीलाही काच नाही. कोपऱ्यात एक व्हायोलिन, एक बँजो, शेळीच्या कातड्याचा एक ढोल. गिऱ्हाईक शून्य. बाहेर धक्क्याच्या खांबावर इंचाइंचाच्या खाचा पाडलेल्या होत्या. पाणी एकोणिसाव्या खाचेवर होतं.

सिल्वन क्वाशीने हे सगळं सकाळपासून तिसऱ्यांदा मोजलं.

"मोजून खुर्च्या वाढणार आहेत का रे?" तांती आतून ओरडली. बार तिचा होता, वयाने ती सत्तरीची होती आणि साऱ्या कॅरियाकू बेटाची तांती, म्हणजे मावशी, होती. "पोरगी एकटीच येणार ना? तिला एक खुर्ची पुरे."

"चांगली बघून ठेवतोय."

"त्या दोन सोडून कुठलीही दे. आणि तो सदरा बदल. बाप दिसायला पाहिजेस, कोळी नाही."

"हाच नवा आहे, तांती."

"अरे देवा!"

ढोलाच्या दोऱ्या ओढत बसलेला होस्टन हसला. तो सिल्वनचा शाळूसोबती. दोघांनी एकाच शिडाच्या जहाजावर वीस वर्षं काढली होती. बँजोवाला किम्रॉन पस्तिशीचा, दिवसभर बोलणारा. आज तो नुसता तारा जुळवत होता. हे दोघे सकाळच्या भरतीला नावेने आत येत आणि संध्याकाळच्या भरतीला बाहेर पडत. रविवारचा बार भरतीच्या पाण्यावर चालायचा. मधल्या वेळात खाडीत चिखल आणि तिवरांची मुळं, बाकी काही नाही.

सिल्वन मात्र इथेच राहायचा, बारच्या मागच्या खोलीत.

चौदा वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एक नवी बोट उतरवत होते. बेटावर बोट पाण्यात नेण्याआधी एका बाजूच्या टेकूंवर कुऱ्हाडी चालवतात, दुसऱ्या बाजूने दोर ताणून धरतात, आणि बोट सावकाश ओंडक्यांवर कुशीवर निजते. त्या दिवशी एक टेकू आधी तुटला. बोट एकदम निजली, आणि सिल्वनचा डावा गुडघा तिच्याखाली आला. दवाखान्यातून तांतीने त्याला नावेत घालून इथे आणलं. "महिनाभर राहा," म्हणाली. महिना संपला तेव्हा कळलं, की हा पाय सपाट फळीवर चालतो, पण तिवरांच्या गुडघाभर मुळांवरून जाणाऱ्या वाटेवर चालत नाही. मग तो नावेने बर्फाच्या दुकानापर्यंत जायचा आणि परत यायचा. पुढे काही पाहायचं असेल तर पुढच्या भरतीला जाऊ, असं म्हणायचा. रस्त्याने तो त्यानंतर कधी गेला नाही.

जोसेट चार वर्षांची होती तेव्हा तिची आई तिला घेऊन इंग्लंडला, हडर्सफील्डला गेली. सिल्वन त्या दिवशी त्रिनिदादच्या वाटेवर होता, कांद्याच्या पोत्यांवर झोपलेला. त्याला एकतीस वर्षं झाली. आता जोसेट एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या दवाखान्यात नर्स होती. जहाज आज शेजारच्या ग्रेनाडा बेटावर थांबलं होतं. सकाळच्या फेरीबोटीने इकडे यायचं, साडेतीनच्या बोटीने परत. मध्ये साडेचार तास.

"मी किम्रॉनला फेरीच्या धक्क्यावर पाठवते म्हटलं होतं," तांती बाहेर येऊन म्हणाली. तिच्या हातात लांबीच्या रश्श्याचा डाव होता. लांबी म्हणजे शंखातलं मांस; ते कुटून कुटून ती मऊ करायची. "तर हा म्हणे, नको."

"ती परकी आहे का, तांती? बापाच्या घरी येतेय. चालत येईल."

"रस्ता नीट कळवलास ना?" होस्टनने विचारलं.

"पत्रात चार खुणा लिहिल्यात. लहान पोरालाही सापडेल."

हे पत्र त्याने तीन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. कोणाला दाखवलं नव्हतं. बारचं नावही त्यात घातलं नव्हतं, 'माझं घर' एवढंच लिहिलं होतं. पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं. नाव न पाठवता रस्ता कळवला, त्यालाही कारण होतं. त्या रविवारची ओहोटी त्याने पंचांगासारखी मांडून पाहिली होती. पाणी दुपारी अडीचला सगळ्यात खाली जाणार होतं. एका माणसाने वल्हवायची झाली तर नावेला बारा इंच पाणी लागतं. मुलीला चिखलात अडकवायचं नव्हतं. वाटेवर तर त्याने किम्रॉनकडून दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले शंख मांडून घेतले होते. एकूण एक्केचाळीस. वाटेच्या तोंडाशी पोहोचलं की शंख मोजत यायचं, एवढंच.

सव्वाबारा झाले. कोणी आलं नाही.

साडेबारा. सिल्वन खांबाकडे गेला. तेरा इंच.

"नाव काढ," होस्टन त्याच्या मागे येऊन म्हणाला. "आत्ता पाणी आहे. बाहेर जाऊन बघून ये."

"मी गेलो आणि ती इकडून आली तर?"

"तर आम्ही आहोत की! बसवू तिला."

"एकतीस वर्षांनी येईल आणि समोर तू? पहिल्यांदा तुझं थोबाड बघायचं तिने?"

"माझं थोबाड तुझ्यापेक्षा बरं आहे."

"दहा मिनिटं थांबू," सिल्वन म्हणाला.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी पाणी बाराव्या खाचेखाली गेलं. नावेचा तळ चिखलाला लागल्याचा आवाज आला, भाकरी तव्यावर टाकल्यासारखा. होस्टनने ढोल पुढे ओढला.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. रविवार होता, वाजवायला तर हवंच होतं.

दोन वाजायला आले तेव्हा धक्क्याखालून बाईचा आवाज आला. सिल्वनचा गज मध्येच थांबला.

"अहो, कोणी वर घेणार आहे का आम्हाला, की इथेच खेकडे खाऊन टाकणार?"

ती जोसेट नव्हती. मोठ्या टोपीची एक बाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. मागे नवरा, दोघांच्या चपला हातात घेऊन. त्रिनिदादचे शिक्षक नवरा-बायको, सुट्टीवर आलेले. किम्रॉनने त्यांना हात देऊन वर घेतलं.

"हा बार आहे की चोरांची गुहा?" बाई खुर्चीत कोसळली. खुर्ची लंगडीच निघाली. "ना पाटी, ना बाण! दोन तास वणवण. शेवटी समुद्राच्या बाजूने आलो म्हणून गाणं ऐकू आलं, त्याच्या मागे मागे आलो. हे म्हणत होते परत जाऊ. मी म्हटलं, तुम्ही जा, मी रम पिऊनच येणार."

तांतीने दोन पेल्यांत घरगुती रम ओतली आणि बर्फ टाकला. बर्फ तळाशी जाऊन बसला. ही रम इतकी कडक, की तिच्यात बर्फ तरंगत नाही. मास्तर पेल्याकडे पाहत राहिले.

"पिऊ का नको?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आधी मी पिते. मेले तर तुम्ही पिऊ नका." तिने घोट घेतला आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "आम्हीच नाही हो एकटे हरवलेले. तिकडे रस्त्यावर एक मुलगी होती बिचारी. निळा स्कर्ट, हातात कागद. मला विचारते, अर्धी बांधलेली बोट कुठे आहे? मी म्हटलं, बाळा, आम्ही बार शोधतोय, तू बोट कशाला शोधतेस?"

सिल्वनने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"कुठे होती ती?"

"त्या बदामाच्या झाडांपाशी. साडेबाराची गोष्ट असेल."

"मग बोट तिथेच आहे. समोरच. सांगाडा उभा आहे, फळ्या नाहीत अजून. दिसली नाही तिला?"

"तिथे कुठली बोट नव्हती, दादा," बाई म्हणाली. "झाडं होती, वाळू होती. एक कुत्रा होता."

सिल्वनने होस्टनकडे पाहिलं. होस्टन ढोलाची दोरी सोडून पुन्हा बांधत होता.

"होस्टन."

"ती उतरवली," होस्टन म्हणाला.

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

तांती म्हणाली, "मीच सांगितलं होतं सगळ्यांना. बोट उतरवायचा विषय याच्यापुढे काढायचा नाही. त्या रविवारी बार बंद ठेवला आणि तुला सांगितलं, बारशाला चाललेय. खोटं नव्हतं ते. बोटीचंच बारसं होतं, धर्ममाता होते मी तिची. पण तुझा पाय... म्हटलं, कशाला उगाच."

"सगळे गेला होतात?"

"सगळे."

"व्हायोलिन कोणी वाजवलं?"

"कोणीच नाही, अंकल," किम्रॉन म्हणाला. "नुसता बँजो होता."

सिल्वन फळ्यांमधल्या फटीतून खालचा चिखल बघत राहिला. चार खुणा. चर्चमागचा नळ, बेथेलचा बकऱ्यांचा वाडा, अर्धी बोट, आणि बोटीसमोरून आत वळलं की शंख. किनाऱ्यावर बदामाची सतरा झाडं होती. वाट ज्या झाडामागून आत वळते, नेमकं ते ओळखायला ती बोट होती. गेली अकरा वर्षं ती फक्त त्याच्या डोक्यात उभी होती, आणि तो तिच्यावरून लोकांना रस्ता सांगत होता.

"किम्रॉन," तो म्हणाला.

"निघालोच." किम्रॉनने बँजो टेबलावर ठेवला होता आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. "पळत गेलो तरी अर्धा तास लागेल. तिथून फेरीच्या धक्क्यापर्यंत गाडी मिळाली तर बरं."

तो मुळांवरून उड्या मारत गेला. सिल्वनने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि मान वळवली. खांबावर सहा इंच पाणी होतं.

"वाजव," होस्टन म्हणाला. "ऐकून येईल. हे दोघे आले की नाही?"

"हे समुद्राकडून आले. वारा पूर्वेचा आहे, होस्टन. आवाज समुद्राकडे जातो. रस्त्यावर काही ऐकू येत नाही."

"मग काय करणार आहेस? मोजत बसणार?"

सिल्वनने व्हायोलिन उचललं. लग्नात वाजवतात ती क्वाड्रिल नाचाची एक जुनी धून होती. जोसेट तीन वर्षांची असताना त्याच्या पावलांवर पावलं ठेवून तिच्यावर नाचायची, आणि त्याला गज धरून तसंच मागेपुढे व्हावं लागायचं. तीच धून त्याने वाजवली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्रिनिदादची बाई नवऱ्याला घेऊन नाचायला उठली, पण दुसऱ्या फेरीला तिच्या काय लक्षात आलं कोण जाणे, ती खाली बसली आणि तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

सहाव्या फेरीला होस्टनचे हात थकले. त्याने ढोल बाजूला केला. सिल्वन एकटाच वाजवत राहिला.

साडेतीनला फेरीचा भोंगा झाला. फेरी ग्रेनाडाला जाताना खाडीच्या तोंडासमोरून जाते. बारमधून ती दिसत नाही, पाऊण मैलावर तिवरांच्या पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येते. ती घरघर जवळ आली, तेव्हा सिल्वन उठला. पाय ओढत धक्क्याच्या टोकाला गेला आणि वाऱ्याकडे पाठ करून वाजवू लागला. वरची तार तुटेल इतका जोर लावला. घरघर उजवीकडून डावीकडे गेली आणि बंद झाली.

सव्वाचारच्या सुमाराला किम्रॉन परतला. त्याच्या एका पायातून रक्त येत होतं.

"फेरी सुटतच होती, अंकल. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा दोर सोडत होते. गर्दीत निळा स्कर्ट दिसला, पण वारा एवढा होता, माझी हाक... नाही ऐकली तिने."

"ती बोलली कोणाशी?"

"बदामाखाली दुकान आहे ना, त्या बाईशी, बेटावर नवीच आलीय ती. दोन वाजेपर्यंत तिथेच बसली होती म्हणे. ते बोटीखालचे ओंडके अजून पडलेत, त्यांतल्या एकावर. दोनदा विचारलं तिने, इथे कुठे व्हायोलिन ऐकू येतं का? बाई म्हणाली, नाही गं, इथे काही ऐकू येत नाही." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा ओंडक्यावर ठेवला होता. वर दगड होता."

सिल्वनचंच अक्षर होतं. नळासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. बकऱ्यांच्या वाड्यासमोरही. बोटीसमोर प्रश्नचिन्ह होतं, आणि ते दोनदा गिरवलेलं होतं. त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

तांतीने ताट वाढून आणलं आणि त्या चांगल्या खुर्चीसमोर ठेवलं. मग ते उचलून किम्रॉनला दिलं.

सिल्वनने कागद आधीच्या घड्यांवर घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. गज सैल केला, व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि खांबाकडे गेला. पायरीवर बसून, वाकून, त्याने खाच बोटाने चाचपली.

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. पाणी बारा इंच.