उसवलेला अ‍ॅटलास

जुन्या नकाशांचं दुकान थोरल्याचं आणि बांधणीचं काम धाकट्याचं, अशी दोघा भावांची वाटणी वडील असतानाच होऊन गेली होती. थोरला बोलघेवडा. दगडालाही बोलतं करील आणि बोलता बोलता त्यालाच एखादा नकाशा विकील, अशी त्याची ख्याती. धाकटा इतका अबोल, की तो सलग दोन वाक्यं बोलला तर वहिनी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. धाकट्याची खोली त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला होती आणि तिच्या भिंतींत खळीचा आंबूस वास कायमचा मुरला होता.

धंद्याची एक रीत होती. जुना अ‍ॅटलास अख्खा ठेवला तर वर्ष वर्ष धूळ खात पडतो. उसवून एकेक नकाशा फ्रेममध्ये घातला की हातोहात खपतो. अ‍ॅटलास आला की धाकटा त्याची शिवण उसवायचा, नकाशांच्या पाठीला चिकटवलेल्या पट्ट्या ओलसर करून सोडवायचा, आणि थोड्याच दिवसांत रिकामा पुठ्ठा कोपऱ्यात जाऊन पडायचा. असे कितीतरी पुठ्ठे तिथे साठले होते. त्यानं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. खाटकानं बकऱ्याचं नाव विचारू नये, असं थोरला म्हणायचा, आणि धाकटाही विचारत नसे.

मग एके दिवशी दुकानात भूगोलाच्या बाई आल्या.

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण उभं राहणं अजून फळ्यासमोरचंच होतं. चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं ओझं टॅक्सीवाल्याच्या मदतीनं त्यांनी आत आणलं. थोरल्यानं बांधणी तपासायला धाकट्याला बोलावून घेतलं. चादर सुटली आणि दोघंही भाऊ पुढे वाकले.

सरहद्दीपलीकडच्या मुलखाचा अ‍ॅटलास होता तो. शेवटच्या चौकीच्या पुढचा सगळा कागद जेव्हा कोरा होता, त्या काळी एका नदीचा उगम शोधायला निघालेल्या मोहिमेनं काढलेला. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले, हातानं रंगवलेले नकाशे. पहिल्या पानांवर नदी रुंद, काठाला गावं, घाट, पूल. पानं उलटावीत तशी गावं विरळ होत जात. मग नुसते तळ, ‘इथे लाकूड मिळते’, ‘इथे पाणी खारे’ अशा ओळी, आणि शेवटी नदीचीही ठिपक्यांची रेघ होऊन जाई.

“नकाशे काढणारे माझे आजोबा,” बाई म्हणाल्या. “तंबूत शाई गोठायची. दौत काखेत धरून बसायचे. हे बघा.” त्यांनी शेवटून दुसरं पान उघडलं. डोंगराच्या धारेखाली दोन बारीक लाल फुल्या होत्या. “दोघं जण परत आले नाहीत. मोहिमेचा प्रमुख म्हणाला, नकाशात मढी दाखवायची नसतात. आजोबांनी तरी काढल्या. लहानपणी मी विचारायची, हे तिथे कसे पोचले? मग आजोबा पहिलं पान काढून बोट ठेवायचे आणि इथपर्यंत आणायचे. हे नकाशे एकामागून एक बघायचे असतात हो. सुटा नकाशा नुसता शोभेला.”

मूलबाळ नव्हतं. घर सोडून वृद्धाश्रमातल्या एका खोलीत जायचं ठरलं होतं, आणि त्या खोलीत पलंग आणि टेबल मावल्यावर माणूस मावलं तरी पुष्कळ होतं. अ‍ॅटलास विकताना बाईंनी एकच विचारलं, “हा एकत्र राहील ना?”

“बाई, माझा शब्द,” थोरला म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला.

आठवडा उलटला नसेल, थोरला अ‍ॅटलास घेऊन मागच्या खोलीत आला आणि टेबलावर ठेवत म्हणाला, “उसव.”

धाकट्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “दादा, तू बाईंना शब्द दिलास.”

“दिला. नसता दिला तर त्या पलीकडच्या दुकानात गेल्या असत्या. तिथला दुकानदार काय पूजा करणार होता याची?”

“मी उसवणार नाही.”

“धाकट्या, ऐक माझं. अख्खा घेतला तर कोण घेणार? कुणीतरी गब्बर माणूस. कपाटात कोंडून ठेवील. सुटे गेले तर इतक्या घरांत भिंतीवर लागतील, लोक रोज बघतील. कशात सार्थक आहे, सांग ना.”

वाद घालणं धाकट्याला कधीच जमायचं नाही. थोरल्याचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. पण छातीवर ठेवलेला तो हात त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. “ते बाईंना सांगून ये,” तो म्हणाला. “मग उसवतो.”

थोरल्याचा पारा चढला. आजवर धाकट्यानं कधी उलट शब्द काढला नव्हता. “दुकान चालतं म्हणून तुझी सुई चालते, विसरू नकोस!” असं म्हणून त्यानं अ‍ॅटलास उचलला आणि जाताना दार असं आपटलं की खुंटीवरची दोऱ्याची गुंडी खाली पडून पार पलंगाखाली गेली.

त्यानंतर भावाभावांचं बोलणं बंद झालं. दुकानातून कामं येणं थांबलं. धाकटा शाळांच्या हजेऱ्या आणि वकिलांची जाडजूड पुस्तकं बांधून दिवस ढकलू लागला. वहिनीची मात्र अडकित्त्यात सुपारी झाली. ती मागच्या दारानं यायची, डबा ठेवायची, म्हणायची, “भाऊजी, तुम्ही तरी मोठेपणा घ्या.”

“मी धाकटा आहे, वहिनी,” तो म्हणायचा. यावर तिला हसू यायचं आणि लगेच डोळेही भरायचे.

थोरल्यानं अ‍ॅटलास स्वतःच उसवायला घेतला. तीन नकाशे कसेबसे सुटे केले, फ्रेममध्ये घातले, काचेआड लावले. तिन्ही विकले गेले. जाता येता धाकटा त्या काचेकडे बघायचं टाळत असे. रस्त्याच्या पलीकडून जायची त्यानं सवयच लावून घेतली.

पुढे एका सकाळी त्याच्या दारात सावली पडली. थोरला उभा होता. दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसा एक नकाशा. दाढी वाढलेली. आत ये म्हणायची वाट बघत तो उंबऱ्यातच थांबला, आणि हे धाकट्यानं उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

“हात घसरला,” थोरला म्हणाला.

नकाशा घडीपासून काठापर्यंत तिरका चिरला गेला होता. पातं नदीच्या पात्रातून, डोंगरांतून, एका तळाच्या नावातून गेलं होतं.

“कसा घसरला?”

थोरल्यानं आत येऊन नकाशा टेबलावर ठेवला. मग स्टुलावर बसला. “रेघ दोन-दोन दिसतात रे. वर्ष झालं. तुझ्या वहिनीला सांगितलं नाही. नकाशांच्या दुकानदाराला नकाशा दिसत नाही म्हटलं तर गिऱ्हाईक उभं राहील का?” त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. “त्या दिवशी तुझ्यावर एवढा चिडलो ते त्यामुळेसुद्धा. तू नाही म्हणालास, आणि मला स्वतःला जमणार नाही हे सांगायची लाज वाटली.”

धाकट्याला राग धरून ठेवायचा होता. किती दिवस जपलेला राग होता तो. पण भावाचे चोळून लाल झालेले डोळे बघून तो कुठे गेला ते कळलंच नाही. त्यानं नकाशा पालथा घातला, दिव्याखाली धरला, चिरेच्या दोन्ही कडा बोटानं चाचपल्या.

“सांधता येईल,” तो म्हणाला. “पण विकायला नाही, दादा. परत अ‍ॅटलासात शिवायला. आणि आधी बाईंकडे जाऊन सांगायचं.”

थोरल्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते स्पष्ट नव्हतं. पण तो उठून गेला नाही. धाकट्यानं खळ शिजवली, पातळ कागदाच्या पट्ट्या फाडल्या. “इथे धर. दाबू नकोस, नुसतं धर,” असं तो सांगत गेला आणि थोरला लहान पोरासारखा ऐकत गेला. दोघं शेजारी बसून एका कागदावर वाकल्याला किती वर्षं लोटली होती, कुणी मोजलं नव्हतं.

वहिनीला डोळ्यांचं कळलं तेव्हा तिनं नवऱ्याला असं काही सोलून काढलं, की नकाशा बरा म्हणायची वेळ आली. त्याच आठवड्यात डॉक्टरांची तारीख घेतली. मोतीबिंदू होता. आणि तिनंच बजावलं, “ऑपरेशनच्या आधी बाईंकडे जाऊन या. उद्या दिसायला लागलं की तुम्हांला पुन्हा दुकानच दिसेल.”

वृद्धाश्रमातली बाईंची खोली शेवटच्या मजल्यावर होती. एकच खुर्ची. ती त्यांनी थोरल्याला दिली. धाकटा ट्रंकेवर बसला. बाई पलंगावर, पाठ ताठ. गिऱ्हाइकांना तासन् तास गुंगवणाऱ्या थोरल्याला एक वाक्य फुटेना. शेवटी तो म्हणाला, “बाई, तो अ‍ॅटलास… मी उसवला.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

दोघंही चपापले.

“घाटाचा नकाशा तुमच्या काचेत लावला होतात. मी डॉक्टरांकडून येत होते. रस्त्यातच उभी राहिले. एक जोडपं थांबून बघत होतं. तो तिला म्हणाला, रंग छान आहेत. मग मी निघून आले.”

“आत का नाही आलात?” थोरल्यानं विचारलं. “दोन थोबाडीत मारायच्या होत्या.”

“शब्द देणाऱ्याला तो आठवत असतोच. आठवण करून दिली म्हणून कुणी सुधारत नाही; चाळीस वर्षं वर्गात उभी होते मी.” बाईंनी खिडकीकडे पाहिलं. “रात्री झोप लागली नाही, एवढं खरं. आजोबा गेले तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.”

खाली कुणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली. बाई पुढे म्हणाल्या, “उरलेले पुन्हा शिवा. मला परत नको, ठेवू कुठे? सार्वजनिक वाचनालयाला द्या, कुणीही मागून बघेल अशा बोलीवर. आणि जे गेले ते मागायला तुम्ही स्वतः जायचं.” त्यांनी थोरल्याकडे बोट केलं. “भावाला पाठवायचं नाही.”

डोळ्यांची पट्टी सुटली तसा थोरला निघाला. विकलेली वस्तू परत मागायला गिऱ्हाइकाच्या दारात जाणं म्हणजे त्याच्या मानी स्वभावाला नाक घासण्यासारखंच. पहिला नकाशा एका दातांच्या डॉक्टरकडे होता. त्यानं तो तिथल्या तिथे काढून दिला, कारण भिंतीला नवा रंग दिल्यापासून तो बायकोच्या डोळ्यांत खुपत होता. दुसरा एका हॉटेलच्या मालकाकडे. त्यानं बदल्यात दोन चांगले नकाशे उपटले आणि वर उपकार केल्यासारखा चहा पाजला.

तिसऱ्या घरून थोरला रिकाम्या हातानं आला आणि सरळ मागच्या खोलीत येऊन बसला.

“नाही म्हणाले?” धाकट्यानं विचारलं.

“मी मागितलाच नाही.” थोरल्यानं पाणी मागून घेतलं. “नवरा अंथरुणाला खिळलेला आहे रे. मानेखालचं काही हलत नाही. बायकोनं नकाशा पलंगासमोर लावलाय. रोज सकाळी ती पट्टी घेऊन उभी राहते आणि तो सांगतो, आज इथून निघू, आज त्या तळापर्यंत जाऊ. मी होतो तेवढ्यात दोघं एक खिंड चढून गेली. मला तोंड उघडवेना. फ्रेम नीट बसली का ते बघायला आलो होतो, असं काहीतरी सांगून उतरलो.”

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती खिंड कोणती ते विचारून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, “बरं केलंत.”

धाकट्यानं अ‍ॅटलास शिवला. जुन्या भोकांतूनच सुई घातली, कागदाला नवी जखम नको म्हणून. थोरला दोरा ताणून धरायचा. त्या एका नकाशाच्या जागी धाकट्यानं नुसती पट्टी शिवून ठेवली. नकाशा कधी आला तर चिकटवता येईल. नाही आला तर नाही.

वाचनालयात अ‍ॅटलास ठेवला त्या दिवशी बाई आल्या. लांबलचक टेबलाशी बसून त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि हळूहळू नदीवरून वर नेलं. रिकाम्या पट्टीशी बोट थांबलं, मग पुढच्या पानावर गेलं. चिरलेल्या आणि सांधलेल्या नकाशावरून गेलं. दोन लाल फुल्यांपाशी पोचायला त्यांना तासभर लागला. दोघे भाऊ भिंतीशी उभे होते. बसा म्हणायला कुणी नव्हतं, आणि बसावंसं त्यांनाही वाटलं नाही.

निघताना बाई थोरल्याला म्हणाल्या, “माफ केलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही वाटही बघू नका.”

“नाही बघणार,” थोरला म्हणाला.

पण पायऱ्या उंच होत्या. बाईंनी त्याचा हात मागितला आणि त्याच्याच आधारानं त्या खाली उतरल्या. त्यानंतरच्या थंडीत त्या गेल्या. वृद्धाश्रमानं दुकानाच्या पत्त्यावर कळवलं. पोचवायला दोघे भाऊ आणि बाईंच्या शाळेतल्या, आता स्वतःच पिकलेल्या, काही विद्यार्थिनी होत्या.

थोरला एकदम संत झाला असं नाही. अ‍ॅटलास अजूनही येतात, आणि थोरला ते अजूनही उसवून घेतो. दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाइंडरकडून. मात्र कुणालाही शब्द देत नाही. कुणी विचारलंच तर स्पष्ट सांगतो, की बाबा, माझ्याकडे सुटे होतील, पटत असेल तर द्या. ऐकून काही लोक माल गुंडाळून परत नेतात. धाकट्याला त्यानं ते काम पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि धाकट्यानंही कधी विचारलं नाही. रविवारी दोघं एकत्र जेवतात. वहिनी वाढते, थोरला बोलतो, धाकटा ऐकतो. उसवण्याचा विषय त्या ताटांवर निघत नाही.