गप्प करणारी सुई

"आणतेस की नाही?" म्हणत नवऱ्याने तिचं डोकं फ्रीजच्या दारावर आपटलं. लहानगी लेक जीव मुठीत धरून टेबलाखाली शिरली होती. कुठे लपायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याची बायको प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची. मधुमेहामुळे लिंगाला ताठरता न येणारे उंदीर. रक्तवाहिन्या आवळून धरणारं एक जनुक असतं. ते गप्प करणारं औषध टोचलं की रक्त पुन्हा वाहू लागायचं. कौतुकाच्या भरात ती हे घरी बोलून बसली. नवऱ्यालाही मधुमेह होता, आणि लग्नानंतर वर्षभरात तेच दुखणं जडलेलं.

"अहो, माणसाला अजून कुणी दिलेलं नाही. काही उंदीर मेलेसुद्धा."

"म्हणजे मी उंदरापेक्षाही गेलो?" त्याने कमरेचा पट्टा सोडला.

पट्टा पाठीवर बसत असताना ती स्वतःची समजूत घालत होती. हा मारत नाही, याचं दुखणं मारतंय. दुखणं गेलं की हातही थांबेल.

तिने कुपी आणली, पण औषधाची नाही. तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या उंदरांना नुसतं मिठाचं पाणी देतात, त्याची. निदान जीव तरी जाणार नाही. इन्शुलिन घेऊन हात बसलेला, त्याने स्वतःच टोचून घेतलं.

आणि चक्क गुण आला. बिघाड रक्तवाहिन्यांत नव्हताच म्हणायचा, मनात होता. सकाळी तो शीळ वाजवत उठला, दाढी केली, टेबलाशी येऊन बसला. सुटलो बाई एकदाचे, असं तिच्या मनात येतंय तोच कप तिच्या तोंडावर येऊन फुटला.

"चहा गार आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. स्वारी मजेत होती.

ओठ फाटला होता. लेक पुन्हा टेबलाखाली. "बापाला घाबरतेस होय गं?" म्हणत त्याने तिचा पाय धरून ओढलं, तिचं डोकं टेबलाच्या पायावर आदळलं. तशी हिने गॅसवरचं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर ओतलं. तो गुरासारखा ओरडला. पाय सुटला. पोरीला काखेत मारून ती अनवाणीच जिना उतरली.

पोलीस ठाण्यातल्या बाईने तिला रुमाल दिला. "कशावरून मारलं?"

"चहा गार होता."

"एवढंच?"

तिच्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं, त्यांना बरं नसतं म्हणून. ते तिने रक्ताबरोबर गिळून टाकलं.

"एवढंच," ती म्हणाली.