नमुन्याची खाट

भांडारपालाने अकराव्या खाटेचा दांडा फिरवला. डोक्याकडचा भाग वीतभर वर आला आणि धाडकन खाली आदळला. त्याने वहीत अकरावी फुली मारली. रुग्णालयासाठी आलेल्या साठ खाटांपैकी अजून एकही धड निघाली नव्हती.

"नमुन्याशी ताडून बघा, मग मारा फुल्या," पुरवठादार बसल्या जागेवरून म्हणाला.

घोडं तिथंच तर पेंड खात होतं. निविदेच्या वेळी मंजूर झालेली नमुन्याची खाट भांडारातून नाहीशी झाली होती, आणि तिच्याशी ताडल्याशिवाय माल परत पाठवता येत नव्हता. तिच्या तळाला लाखेचं सील होतं, त्याशेजारी भांडारपालाची सही. अख्खी खाट हरवायला ती काय सुई आहे? भांडाराच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी अधीक्षकांकडे.

"करून टाका की सही," अधीक्षक म्हणाले. हे गृहस्थ नमाजाला कायम पहिल्या रांगेत. "रुग्ण जमिनीवर निजताहेत. त्यांना खाटा मिळाल्या तर सवाबच आहे, पुण्य लागेल."

"आणि दांडा सुटून कुणाची मान मोडली तर? अल्लाहला जाब मी द्यायचा?"

"उद्या दहापर्यंत नमुना दाखवा, नाहीतर सही करा. उगाच सोवळेपणा नको."

तो धुमसतच घरी आला. दारातच मेहुणा हसत उभा होता. आत अम्मी नव्या खाटेवर टेकून बसली होती. मोडक्या पाठीने आडवी पडल्यापासून आज पहिल्यांदाच ती बसलेली दिसत होती.

"कशी आहे, भाऊजी? ओळखीच्या माणसाने दिली. म्हणाला, पडूनच होती, घेऊन जा."

त्याने दांडा फिरवला. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. तो जमिनीवर पालथा झाला आणि खाटेखाली सरकला. लाखेचं सील. शेजारी त्याचीच सही.

"काय रे, काय सांडलं?" अम्मीने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. मेहुण्याचा चेहरा उतरला.

"नेली तर चोर ठरेन, ठेवली तर लाचखोर," भांडारपाल ओरडला. "कुठून असली नोकरी धरली मी!"

अम्मी उशीवरून हात फिरवत राहिली.

"तुझे अब्बा सांगायचे. जकातीच्या वसुलीहून आलेला एकजण पैगंबरांना म्हणाला, हे सर्वांचं, आणि ही मला मिळालेली भेट. पैगंबरांनी विचारलं, आईबापाच्या घरी बसून राहिला असतास, तर आली असती का ही भेट?"

"माहीत आहे गं. पण तुझी पाठ?"

तिने हात पुढे केला.

"चल, धर मला. सावकाश उतरव."

सकाळी पावणेदहाला टेम्पो रुग्णालयाच्या फाटकाशी थांबला. पायऱ्यांवर अधीक्षक आणि पुरवठादार चहा पीत होते. खाट बघून त्यांचे कप हातातच राहिले. पहारेकऱ्याने नोंदवही उघडली.

"खाट एक. कुठून आली, साहेब?"

"माझ्या घरून."

पहारेकऱ्याचं पेन थांबलं. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दुरुस्तीहून आली असं लिहितो की. कुणाला कळतंय?"

"माझ्या घरून लिहा," भांडारपाल म्हणाला. "आणि पुढे वेळही टाका."