गगन येऊन राहिला

“काय सांगू गा अश्विन, गगन येऊन राहिला, आता आपल्याले कोण विचारते?” आनंदराव फोनवर सहकाऱ्याशी बोलताना तडकले आणि चपला अडकवून हुडकेश्वर भागातल्या घरातून विमानतळाकडे ड्युटीवर निघाले.

ते बोलत होते एका यंत्रणेबद्दल. उपग्रहांच्या संदेशातली चूक सुधारून विमानाला त्याची जागा अचूक सांगणारी ही यंत्रणा, नाव गगन. तिच्यामुळे आनंदरावांनी नोकरीभर सांभाळलेला, विमानांना दिशा दाखवणारा जुना रेडिओ-बीकन आज बंद व्हायचा होता. यंत्रांबद्दल माणसांसारखं बोलायची त्यांना सवयच, बीकन बिघडला की म्हणायचे, “तो आज खोकलून राहिला.” घरात मात्र ते या नव्या यंत्रणेला कटाक्षाने ‘सॅटेलाइट’ म्हणत. कारण त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं नावही गगन होतं. बापाशी भांडून तो घर सोडून गेला, त्याला कैक वर्षं झाली. ना पत्ता, ना फोन. आज रागाच्या भरात जीभ घसरली, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कांताबाईंनी मात्र ते ऐकलं.

संध्याकाळी आनंदराव खचूनच परतले. बीकन बंद करायला एक बटण पुरलं होतं, कोणी दोन शब्दही बोललं नव्हतं. दारातच पाटोडीच्या रश्श्याचा घमघमाट आला. कांताबाई ठेवणीतलं पातळ नेसून उभ्या होत्या. तीन ताटं वाढलेली.

“एकटेच आले? तो कुठं हाय?”

“कोण वं?”

“गगन! सकाळी तुम्हीच तं म्हटलं फोनवर, येऊन राहिला म्हणून.”

आनंदरावांना सकाळचा फोन आठवला. ते उंबऱ्यावरच बसले.

“अवं, ते मशीनचं नाव होय. विमान कुठं हाय, ते बरोब्बर सांगते.”

कांताबाईंनी तिसऱ्या ताटाकडे पाहिलं.

“मंग आपल्या पोराचं विचारून पाहा ना त्याले.”

“तसं नाही होत वं. ज्याच्याजवळ मशीन असते, त्यालेच कळते आपण कुठं आहो ते. दुसऱ्याले नाही कळत.”

“म्हणजे त्याचं त्यालेच माहीत.”

“हो.”

आनंदरावांना रडू कोसळलं. बायकोसमोर ते पहिल्यांदाच रडत होते.

कांताबाईंनी तिसरं ताट उचललं नाही. “थंडं होईन,” म्हणत त्यांनी त्यावर एक रिकामं ताट पालथं घातलं.