गप्प करणारा थेंब

सायकल दुकानाच्या माडीवर बायांची रांग जिन्याच्या खालपर्यंत आली होती आणि प्रत्येकीच्या कडेवर एक भोंगा वाजत होता. पण वरच्या सतरंजीवर अर्धा तास टेकलेलं लेकरू हटकून गप्प होत होतं. तापाचं असो, खोकल्याचं असो की पोटदुखीचं, औषध एकच. आया डोळे पुसत हात जोडत आणि रांग एक पायरी वर सरके.

"रडतंय ते बाळ नाही गं," थेंबवाल्या माई प्रत्येकीला त्याच सुरात सांगत. "आत बसलेली पीडा रडतेय. थेंब जिभेवर पडला, की पीडेची दातखीळ बसलीच!"

साध्या पीडेला एक थेंब, हट्टी पीडेला चार. हट्ट किती ते माईंना बाळाच्या आवाजावरून कळे, त्यासाठी वजनकाटा लागत नसे.

नर्सताई धापा टाकत वर आली. मुलांच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांसाठीच्या एका नव्या ताप-औषधाची चाचणी चालू होती. औषध किती गुणकारी आणि किती सुरक्षित, हे तपासणाऱ्यांपैकी ती एक. डोस दिला की ठरल्या वेळी बाळाचे श्वास मोजायचे, तेही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं तिथे चालत नसे, कारण तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो. आणि त्यांच्या तक्त्यात 'गाढ झोप' हा रकाना गुणांत नव्हता, दुष्परिणामांत होता.

सकाळपासून धाकट्या बहिणीचे दोन फोन येऊन गेले होते. तिच्या तान्ह्या छकुलीला ताप आहे, दूध ओढत नाही. "दुपारी बघते," म्हणून हिने दोन्ही वेळा फोन ठेवला होता. मग बहिणीचा मेसेज आला, माईंकडे आलेय, आता बरी आहे. तो वाचताच ही हातातलं काम टाकून धावत निघाली होती.

"ताई, बघ ना, झोपली!" बहीण कुजबुजली. "दोन दिवसांनी झोपली गं माझी बाय."

नर्सताई सतरंजीवर गुडघे टेकून बसली. तिने छकुलीचं झबलं वर केलं आणि घड्याळ बघत पोटाची हालचाल मोजली. मिनिटाला चौदा. चार महिन्यांचं निरोगी बाळ झोपेतही तीसच्या आसपास श्वास घेतं, तापात त्याहून जास्त. तिने तळपायावर टिचक्या मारल्या, पोर कण्हलीसुद्धा नाही. पापणी उघडून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

तिने दवाखान्यात फोन लावून अॅम्ब्युलन्स मागवली. छकुलीची पाठ चोळत ती ओरडली, "सगळ्यांनी बाळांची झबली वर करा! मी वेळ सांगते, पोट किती वेळा वर येतं ते मोजा."

"देवाच्या दारात घड्याळं चालत नाहीत, बाई," माई करवादल्या.

"माझं चालतंय. मोजा!"

मिनिट संपलं. थेंब घेतलेल्यांच्या आया हळूच बोलल्या. सोळा. अठरा. पंधरा. जिन्यातली एक, जिचं बाळ अजून भोकाड पसरून होतं, म्हणाली, "आमचं तर मोजताच येत नाही, नुसतं रडतंय."

"तुमचं सगळ्यांत बरं आहे," नर्सताई म्हणाली. तिने माईंच्या पुढ्यातली बाटली उचलली आणि थेंब घेतलेल्या सगळ्यांना घेऊन ती निघाली.

दवाखान्यात गुंगीवरच्या उताऱ्याचं इंजेक्शन गेलं आणि छकुलीने टाहो फोडला. बहिणीने तिला छातीशी धरलं. छातीच्या फोटोत उजव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया निघाला. बाटलीत मोठ्यांच्या खोकल्याच्या औषधातलं अफूच्या जातीचं द्रव्य निघालं. माईंचा चमत्कार तो एवढाच. पीडा होती तिथेच राहायची, फक्त ती सांगायची ताकद बाळाकडून काढून घेतली जायची.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्या आयांना हे समजावून सांगितलं. त्या पांगल्यावर मागच्या बाकावरची एक बाई उठून आली. तिच्या हातात बाळ नव्हतं.

"माझी मागच्या महिन्यात झोपेतच गेली," ती नर्सताईला म्हणाली. "माई म्हणाल्या, पीडा मोठी होती, पण पोर शांत गेली. मी पाया पडले त्यांच्या. तेव्हा श्वास मोजले असते, तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. नर्सताईला स्वतःचे ठेवून दिलेले दोन फोन आठवले.

"कदाचित वाचली असती," ती म्हणाली. "तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणी मोजायला शिकवलंच नव्हतं."

बाई पदर खोचत म्हणाली, "उद्या रांग पुन्हा लागेल. माईंना पकडलं तरी दुसरी कोणी बसेल. मला शिकवा."

नर्सताईने तिला छकुलीच्या खाटेपाशी नेलं, पूर्ण मिनिटभर श्वास कसे मोजायचे ते दाखवलं आणि सांगितलं: तान्ह्या बाळाला रडण्याशिवाय दुसरी भाषा नसते. ते गप्प झालं म्हणजे बरं झालं असं मानू नका. काय पाजताय ते विचारा, आणि पाजणाऱ्याला उत्तर देता येत नसेल तर बाळ उचलून दवाखाना गाठा.

बाईने हात छकुलीच्या पोटावर ठेवला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.